गाडीच्या छताचा डाग काढायला गेलात आणि कापडच लोंबू लागले, असे का होते?

घाट चढताना मागच्या सीटवर कोणी तरी थंड पेयाची बाटली उघडते आणि फेस थेट छताला लागतो. तेव्हा कोणाचे लक्ष जात नाही. महिन्याभराने तिथे काळपट ठिपके दिसतात आणि एका रविवारी बादली, साबणाचे पाणी आणि कपडे धुण्याचा ब्रश घेऊन मोहीम सुरू होते. डाग जातोही. पण काही दिवसांनी त्याच जागी कापड फुगून खाली येते. मग डाग परवडला असता, असे वाटू लागते.

छतात नेमके काय असते?

गॅरेजवाले ज्याला ‘रूफ लायनिंग’ म्हणतात, ते नुसते कापड नसते. वर साच्यात दाबून बनवलेला पुठ्ठ्यासारखा कडक तक्ता असतो, त्याखाली काही मिलिमीटर जाडीचा फोम आणि त्यावर आपल्याला दिसणारे पातळ कापड. हे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. सीटचे कव्हर काढून धुता येते, पायातल्या मॅट झटकता येतात. इथे मात्र सगळी भिस्त गोंद आणि फोमवर आहे. त्यात हे कापड उलटे टांगलेले. कापडात पाणी मुरले, की फोम ते स्पंजासारखे धरून ठेवतो, गोंद सैल होतो आणि वजनाने कापड सुटते. जुन्या गाडीत तर उन्हाने आणि दमटपणाने फोमचा आधीच भुगा होत आलेला असतो. तिथे जोरात घासणे म्हणजे उरलेला आधारही काढून घेणे.

मग साफ कसे करायचे?

आधी कोरडे काम. मऊ ब्रशचे तोंड लावलेला व्हॅक्यूम क्लीनर हलक्या हाताने फिरवा किंवा कोरड्या मायक्रोफायबर कापडाने धूळ टिपून घ्या. धूळ तशीच ठेवून ओला फडका लावला, तर तिचा चिखल होऊन तोच कापडात बसतो. सीटवर जुनी चादर टाका. डोळ्यांवर चष्मा असलेला बरा, कारण जे काही गळेल ते तोंडावरच.

कार इंटीरियरसाठी मिळणारा फेसाचा क्लीनर किंवा ग्लासभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, एवढे पुरते. यातला फेसच कापडावर घ्यायचा, पाणी नाही. क्लीनर छतावर फवारू नका, हातातल्या फडक्यावर फवारा. सन व्हायजर खाली केल्यावर त्यामागे जो भाग दिसतो, तिथे आधी थोडेसे लावून पाहा. वाळल्यावर रंग बदलला नाही, तरच पुढे जा. डागावर फडका गोल फिरवायचा नाही. बाहेरून आत टिपत यायचे. मग दुसरा फडका साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळून साबण टिपून घ्यायचा आणि शेवटी कोरड्या फडक्याने हलकेच दाबायचे. दारे उघडी ठेवून गाडी सावलीत वाळू द्या. लवकर वाळावे म्हणून हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका. उष्णतेनेही गोंद सुटतो. वाफेचे मशीनही याच कारणासाठी नको.

डाग कशाचा आहे, त्यावर थोडा फरक पडतो. थंड पेय किंवा चहाच्या डागातली साखर पाण्यात विरघळते, म्हणून तिथे आधी पिळलेला ओला फडका. डोक्याच्या तेलाचे, हातांचे डाग साबणाच्या फेसाने फिके होतात. तेलावर टाल्कम पावडर टाकायचा सल्ला घरोघरी मिळतो, पण छतावर पावडर टिकणार कशी? बॉलपेनच्या रेघेवर कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल अगदी थेंबभर लावता येते. जास्त झाले, तर ते शाई पसरवते आणि गोंदापर्यंत पोहोचते. ब्लीच कशालाच नको.

चहासारखे पिवळे वलय दिसते, ते काय?

पावसाळ्यात सर्वांत फसवणारा डाग हाच. तो बाहेरून लागलेला नसून वरून आलेला असतो. झिरपलेले पाणी तक्त्यातला आणि फोममधला मळ सोबत घेऊन खाली उतरते, पसरते आणि वाळताना तो मळ कडेला सोडते, म्हणून वलय. सनरूफच्या चौकटीत पडणारे पाणी बारीक नळ्यांतून गाडीखाली सोडलेले असते. पाचोळा आणि धुळीने या नळ्या तुंबल्या, की ते आत येते. अँटेनाच्या बुडाचे रबर वाळले, तरीही पाणी वाट काढते. गळती बंद केल्याशिवाय डाग पुसणे म्हणजे पुढच्या पावसात तेच काम पुन्हा. नळीत तार मात्र खुपसू नका. ती फाटली किंवा निसटली, तर पाणी थेट छतात येईल. हे काम मेकॅनिककडे द्या. वलय पुसताना फक्त त्याच्यावर फडका फिरवला, तर नवे वलय उमटते, म्हणून एका शिवणीपासून दुसऱ्या कडेपर्यंतचा पूर्ण भाग सारखाच हलका ओलसर करून पुसावा लागतो. तरीही जुने वलय पूर्ण जाईलच, असे नाही. सत्तर टक्के फिके झाले, की हात आवरा.

कापड आधीच सुटले असेल तर?

टाचण्या, स्टेपलर, कडेतून गोंद सोडणे असे उपाय रील्समध्ये सर्रास दिसतात. पण सहा एअरबॅगच्या गाड्यांत पडद्यासारख्या उघडणाऱ्या दोन एअरबॅग छताच्या दोन्ही कडांना, याच अस्तराच्या आड घडी करून ठेवलेल्या असतात. अपघातात अस्तराची कड बाजूला सारून त्या क्षणार्धात खाली येतात. तिथे टोचलेली पिन किंवा घट्ट चिकटवलेली कड त्यांच्या वाटेत येते. दाराशेजारच्या खांबावर ‘एसआरएस एअरबॅग’ असे लिहिलेले असेल, तर त्या कडेला हात लावू नका. कापड बदलायचे, तर तक्ता पूर्ण बाहेर काढून जुना फोम खरवडून नवे चिकटवावे लागते. ते ज्या गॅरेजला देणार, तिथे आधी विचारा, एअरबॅगच्या गाडीचे छत यापूर्वी उतरवले आहे का आणि काम सुरू करण्याआधी बॅटरी काढणार का.