नळीची लांबी : शुक्रनीतींतील एक नियम व हरणाच्या शिकारीची ध्वनिशामक रायफल

शस्त्रसंग्रहांतील बंदुकीपुढें उभा राहिलेला मनुष्य पहिल्यानें तिची लांबी पाहतो, आणि तीवरून तिच्या सामर्थ्याचें व काळाचें अनुमान बांधतो. लांब ती जुनी व दूरवर मारा करणारी, आखूड ती अलीकडची किंवा कोणीं तरी कापलेली, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज कितपत ग्राह्य आहे तें ठरविण्यास एका अनपेक्षित ठिकाणाहून साहाय्य मिळतें. स्कॉटलंड, न्यूझीलंड इत्यादि देशांत हरणाच्या शिकारीसाठीं हल्लीं रायफलीच्या तोंडाशीं आवाज दाबणारी दुसरी नळी बसवितात. ती बसवावयाची तर मूळ नळी किती लांब ठेवावी, हा प्रश्न तेथील शिकाऱ्यास सोडवावा लागतो. हा प्रश्न आणि आपल्या शुक्रनीतींत सांगितलेला नळीच्या लांबीचा नियम हीं एकाच शास्त्राचीं दोन टोकें आहेत, हें दाखवावें व त्यापासून संग्राहकांस कोणता बोध घेतां येतो तें सांगावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. शुक्रनीतींतील नालिक

शुक्रनीतीच्या चौथ्या अध्यायांत सेनेच्या प्रकरणीं नालिक नांवाच्या अस्त्राचें वर्णन आहे. त्याचे बृहत् व क्षुद्र असे दोन भेद केले असून क्षुद्रनालिकाची नळी पांच वितस्ति लांब, मुळाशीं छिद्र असलेली व मधल्या बोटाएवढ्या पोकळीची सांगितली आहे. वितस्ति म्हणजे वीत, बारा अंगुलें; हात १८ इंचांचा धरल्यास वीत ९ इंचांची होते. म्हणजे नळी सुमारें ४५ इंचांची झाली. पुढें ग्रंथकार नियम सांगतो, तो असा कीं, लोखंड जितकें जाड, पोकळी जितकी रुंद, नळी जितकी लांब व गोळा जितका मोठा, तितका मारा दूरचा. दारूचें प्रमाणहि दिलें आहे : सोरा पांच पल, गंधक एक पल व कोळसा एक पल.

या वर्णनावरून गुस्ताव ओपर्ट यांनीं १८८० साली आपल्या ग्रंथांत प्राचीन हिंदूंस बंदूक ठाऊक होती असें प्रतिपादन केलें. उलट लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ साली हा ग्रंथच एकोणिसाव्या शतकांतला आहे, असें मत मांडलें. तो वाद येथें उकरून काढावयाचा नाहीं. मात्र एवढें खरें कीं, ४५ इंचांची नळी, मुळाशीं कान व पांचास एक एक या प्रमाणाची दारू हें वर्णन तोंडानें भरावयाच्या, काळ्या दारूच्या बंदुकीचें आहे; आणि तशी बंदूक डोळ्यांनीं पाहिल्यावांचून तें लिहितां येणार नाहीं. 'नळी लांब तितका मारा दूर' हा नियमहि त्याच बंदुकीचा आहे. तो सर्व काळास लागू धरला कीं चूक होते.

२. लांबीनें वेग कां वाढतो

दारू पेटली म्हणजे तिचा वायु होतो. तो गोळीस पुढें ढकलतो, आणि गोळी नळींत आहे तोंपर्यंतच ढकलतो. नळी लांब असल्यास ढकलण्यास अवसर अधिक मिळतो. परंतु गोळी जसजशी पुढें सरते तसतशी वायूस जागा अधिक मिळून त्याचा दाब उतरत जातो. म्हणून पहिल्या कांहीं इंचांत जें काम होतें, तें शेवटच्या तितक्याच इंचांत होत नाहीं.

हें तत्त्व गणितांत प्रथम बसविण्याचें श्रेय बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञास आहे. त्याचा ग्रंथ १७४२ साली प्रसिद्ध झाला. टांगलेल्या लांकडी ठोकळ्यावर गोळी मारून, ठोकळा किती मागें झुलतो त्यावरून तिचा वेग काढण्याची युक्ति त्याचीच. हा गृहस्थ पुढें कंपनी सरकारचा इंजिनियर होऊन हिंदुस्थानांत आला व १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिडच्या किल्ल्यांत वारला, हें आपल्या वाचकांस मुद्दाम सांगण्यासारखें आहे.

रॉबिन्सच्या उपपत्तीचें सार एका उदाहरणानें कळेल. नळींत दारूनें ३ इंच जागा व्यापली आहे असें समजा. ३ चे ६, सहाचे १२ व बाराचे २४, अशा तीन दुपटी झाल्या म्हणजे नळी २४ इंच होते. आणखी एक दुप्पट केली कीं ४८ इंच. गोळीच्या वेगाचा वर्ग या दुपटींच्या संख्येच्या प्रमाणांत वाढतो. म्हणजे २४ इंचांची नळी ४८ इंच केली असतां वेगाचा वर्ग तिनाचा चार होतो, आणि वेग केवळ शेंकडा १५ नें वाढतो. लोखंड दुप्पट, ओझें दुप्पट, आणि लाभ सातवा हिस्सा! घर्षण व गोळीच्या बाजूनें निसटणारा वायु हिशेबांत धरल्यास तोहि कमी होतो.

असें असतां जुन्या लोकांनीं नळ्या इतक्या लांब कां केल्या? तो निव्वळ अज्ञानाचा प्रकार नव्हता. दारू घरोघरीं निराळी व पुष्कळदां ओलसर असे. तिला जळण्यास अवसर लागे. माशी डोळ्यापासून जितकी दूर तितका नेम बारीक धरतां येई. पायदळांत मागच्या ओळीच्या बंदुकीचें तोंड पुढच्याच्या कानापलीकडे जावें लागे, आणि संगीन लावल्यावर तीच बंदूक भाल्याचें काम करी. लांबीच्या कारणांपैकीं वेग हें एक कारण. तें सर्वांत मोठें होतें असें नाहीं.

३. लांबी कशी उतरत गेली

इंग्रजी पलटणींच्या बंदुका क्रमानें मांडल्या म्हणजे हा इतिहास डोळ्यांपुढें उभा राहतो. 'ब्राऊन बेस' नांवाच्या चकमकीच्या बंदुकीची पहिली नळी ४६ इंचांची. शुक्रनीतींतील ४५ इंचांशीं हिचें साम्य वाचकांनीं लक्षांत घ्यावें. नंतरची ४२ इंचांची व कंपनी सरकारच्या फौजेसाठीं केलेली 'इंडिया पॅटर्न' ३९ इंचांची. मागून भरावयाची मार्टिनी-हेन्री सुमारें ३३ इंच. लांब ली-एन्फील्ड ३०.२ इंच, आणि विसाव्या शतकाच्या आरंभींची आखूड ली-एन्फील्ड २५.२ इंच.

या उतरंडीचा शेवटचा टप्पा दारूच्या पालटामुळें शक्य झाला. १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञानें निर्धूम दारू सिद्ध केली. ती काळ्या दारूपेक्षां पुष्कळ जोरकस असून तिच्या कणांचा आकार पालटून तिचें जळणें आवरतां येतें. त्यामुळें लहान गोळी, मोठा वेग व आखूड नळी यांची सांगड बसली.

४. ध्वनिशामक नळी

बंदुकीच्या आवाजाचे दोन भाग असतात. एक, तोंडांतून कोंडलेला वायु एकदम सुटल्याचा धडाका. दुसरा, ध्वनीहून अधिक वेगानें जाणारी गोळी हवेंत उठविते तो चाबकासारखा कडाका. ध्वनिशामक केवळ पहिल्यावर चालतो. तो म्हणजे तोंडावर आट्यांनीं बसविलेलें एक नळकांडें. त्यांत भोकें असलेले पडदे ओळीनें बसविलेले असतात. गोळी भोकांतून न शिवतां जाते. मागचा वायु खणाखणांत अडून पसरतो, निवतो व हळू बाहेर पडतो. हायरम पर्सी मॅक्सिम यानें याचें पेटंट १९०९ साली घेतलें. हा यांत्रिक तोफेचा जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम याचा पुत्र. बापानें जगाचे कान किटविले व लेकानें त्यांवर उतारा शोधला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

हें यंत्र निःशब्द करतें हा समज मात्र खोटा. शिकारी रायफलीचा आवाज १६० डेसिबेलांच्या वर असतो. १४० च्या वरचा एकच धडाका कानास कायमची इजा करूं शकतो. चांगला ध्वनिशामक २० ते ३० डेसिबेल उतरवितो, म्हणजे कान वांचविण्यापुरतें काम करतो. गोळीचा कडाका राहतोच. तो घालवावयाचा तर गोळी सेकंदास सुमारें ११०० फुटांहून सावकाश सोडावी लागेल. तितक्या वेगाची साधी गोळी हरणाच्या शरीरांत नीट फुलत नाहीं, आणि जनावर जखमी होऊन तडफडत पळतें.

५. नळी किती लांब असावी

आतां मूळ प्रश्न. ध्वनिशामक ६ ते ९ इंच लांब असतो. २४ इंचांच्या नळीस ८ इंचांचा जोडला म्हणजे ३२ इंच होतात. अशी रायफल झाडींत अडते, गाडींतून काढतां येत नाहीं, व तोंडाशीं वजन पडून हात थकतो. म्हणून शिकारी मूळ नळी आखूड करूं पाहतो. किती करावी, हें काडतुसावर अवलंबून आहे.

हरणासाठीं फार प्रचारांत असलेलें ·३०८ विंचेस्टर हें काडतूस घेऊं. १५० ग्रेनची गोळी २४ इंचांच्या नळींतून सेकंदास २८२० फूट वेगानें निघते, असें काडतूस करणारे सांगतात. १६ ते २४ इंचांच्या दरम्यान एका इंचामागें सुमारें २० ते २५ फूट वेग जातो. १८ इंचांची नळी केल्यास वेग २६७० ते २७०० राहील. १६ इंचांची केल्यास २६२० ते २६६०. बहुतेक फुलणाऱ्या गोळ्यांस जनावरापर्यंत पोंचतांना १८०० फुटांच्या आसपास वेग पुरतो, आणि दोनशें यार्डांवर या दोन्ही नळ्यांतील गोळीचा वेग २००० फुटांच्या वर असतो. म्हणजे आठ इंच लोखंड कमी करूनहि जनावर तितक्याच निश्चितपणें एका गोळींत पडतें.

परंतु याला तीन मर्यादा आहेत. पहिली, आखूड नळीच्या तोंडाशीं वायूचा दाब अधिक असतो. त्यामुळें ज्वाळा मोठी होते, पडदे लौकर झिजतात, आणि ध्वनिशामकानें मिळविलेलें कांहीं अंशीं हातचें जातें. दुसरी, मोठ्या पुंगळीच्या व लहान पोकळीच्या काडतुसांत दारू पुष्कळ असते. तेथें इंचामागें ३० फूट किंवा अधिक हानि होते, म्हणून अशांस २२ इंचांच्या खालीं जाऊं नये. तिसरी मर्यादा कायद्याची. स्कॉटलंडांत १९८५ च्या आज्ञेनें हरणाच्या गोळीचा तोंडाशीं वेग निदान २४५० फूट ठरविला आहे. ·३०८ ची जड, १८० ग्रेनची गोळी २४ इंचांतून २६२० नें निघते; १६ इंचांत ती त्या मर्यादेच्या अगदीं काठावर येते. तेथें नळी कापण्यापूर्वीं वेगमापकावर प्रत्यक्ष मोजणें अवश्य आहे. अमेरिकेंत रायफलीची नळी १६ इंचांहून आखूड करावयाची तर निराळी नोंदणी लागते, आणि सुटा होणारा ध्वनिशामक त्या मापांत धरीत नाहींत.

सारांश, ·३०८ सारख्या काडतुसास १८ इंच हें मध्यम व निर्धोक माप होय. दाट रानांत १६ चालतात. १८ आणि ८ मिळून २६ इंच होतात, म्हणजे जवळ जवळ आखूड ली-एन्फील्डचीच लांबी! नळी जाड असावी, आटे पोकळीशीं समकेंद्र असावेत, कारण तिरकस बसलेल्या ध्वनिशामकाचे पडदे गोळीनें फुटतात. आणि नेम ध्वनिशामक चढवूनच बसवावा, कारण त्याच्या वजनानें गोळीची जागा पालटते.

६. संग्राहकांस

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हौसेची शिकार बंद आहे, तेव्हां वरील निवड आपणांस करावयाची नाहीं. परंतु तिच्यांतील तत्त्व संग्रहाच्या कामीं उपयोगी आहे. लांबी हा बंदुकीचा स्वतंत्र गुण नव्हे. तें दारू, गोळी व काम या तिहींचें फल आहे. म्हणून केवळ लांबीवरून काळ ठरवूं नये, आणि आखूड नळी दिसली कीं ती कापलेलीच असें म्हणूं नये. घोडेस्वाराची बंदूक आरंभापासून आखूडच असे. कापलेली ओळखण्याच्या खुणा निराळ्या : तोंडाचा कंगोरा नाहींसा झालेला, माशी नसलेली किंवा नवी बसविलेली, गजाची लांबी नळीशीं न जुळणारी, नक्षी मध्येंच तुटलेली.

माप घेतांना नळीची लांबी बाहेरून न घेतां आंतून घ्यावी. लांकडी काठी तोंडांतून मुळापर्यंत घालून खूण करावी, व तीच काठी बाहेरून कानापर्यंत लावून पाहावी. काठी कानाच्या बरीच अलीकडे अडत असेल, तर आंत जुना बार भरलेला असण्याचा संभव आहे. भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या टांगलेल्या बंदुका भरलेल्या सांपडतात, आणि काळी दारू कोरडी राहिल्यास शतकानंतरहि पेटते. अशी बंदूक जाणत्या कारागिराच्या हवालीं करावी. तिच्याजवळ दिवा किंवा विडी नेऊं नये.

यादींत नळीची आंतील लांबी, पोकळीचा व्यास, मुळाशीं व तोंडाशीं लोखंडाची जाडी हीं मापें नोंदवावीं. शुक्रनीतिकारानें मारा ज्यांवर अवलंबून आहे म्हणून सांगितलें, त्यांपैकीं तीन गोष्टी याच आहेत, आणि चौथी जी गोळी, तिचें माप पोकळीवरून निघतें. आपापल्या संग्रहांतील तोड्याच्या बंदुकींचीं अशीं मापें संग्राहकांनीं प्रसिद्ध केल्यास, पांच वितस्तींची नळी ग्रंथकारानें कोणत्या काळच्या व कोणत्या प्रांताच्या बंदुकीवरून घेतली, याचा निर्णय तर्कानें न होतां मोजमापानें होईल.