भंगारातून उठलेली प्रजा

सायकलचा चिमटा जमिनीत रोवला की माणसाचे दोन पाय उभे राहतात. वर सळईचा सांगाडा, त्यावर सिमेंट, आणि सिमेंट ओलं असतानाच दाबून बसवलेल्या फुटक्या बांगड्या. नेकचंद सैनी यांनी चंडीगढच्या रॉक गार्डनमधली प्रजा अशी घडवली.

फाळणीत गाव सुटलेले नेकचंद १९५१पासून तिथं रस्ते-निरीक्षक होते. कला कुठं शिकलेले नव्हते. नव्या शहरासाठी जुनी गावं पाडली जात होती. तिथला टाकलेला माल कामावरून सुटल्यावर ते सायकलवरून जंगलात न्यायचे. बांधकामाला बंदी असलेल्या सरकारी जमिनीवर हे काम वर्षानुवर्षं गुपचूप चाललं. उघडकीला आलं तेव्हा ते पाडायची भाषा झाली, पण बघायला लोक लोटले. १९७६मध्ये बाग सर्वांना खुली झाली; नेकचंदना पगार आणि ५० मजूर मिळाले.

खरं अवघड काम त्यानंतरचं, हे सगळं टिकवण्याचं. भेगेतून पाणी आत गेलं की सळई गंजते, गंजलेलं लोखंड फुगतं, सिमेंटचा पोपडा सुटतो आणि त्याबरोबर बांगड्या गळतात. गुळगुळीत नवा गिलावा चढवणं सोपं आहे. पण त्याखाली घडवणाऱ्याचा हात पुसला जातो. म्हणून आधी फोटो, मापं, पाण्याची वाट बंद करणं, आणि मगच थापी. माणसांचा उपद्रव वेगळाच. १९९६मध्ये नेकचंद परदेशी असताना मूर्ती फोडल्या गेल्या. २०१५मध्ये त्यांचं निधन झालं. २०२५च्या सुरुवातीला रस्तारुंदीसाठी बागेच्या भिंतीचा भाग पाडला गेला.

त्याच सुमारास, फेब्रुवारीत, आपल्या चिखलीच्या कुदळवाडीत पिंपरी-चिंचवड महापालिकेनं भंगाराची गोदामं जमीनदोस्त केली. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांचा पत्रा, पिंप, पॅकिंगचं लाकूड अशाच गोदामांत येऊन पडतं. हा माल हाताळणाऱ्या एखाद्यानं मागच्या खोलीत काही घडवलं असेल, तर ते कागदावर फक्त अतिक्रमण ठरतं. पाडण्याआधी तासभर बघणारं, फोटो काढणारं, विचारणारं एक माणूस तिथं पाठवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पाडण्याआधी तपासलं तर काय होतं, हे लॉस एंजेलिसमध्ये दिसलं. तिथं सायमन रोडिया या इटालियन मजुरानं १९२१ ते १९५४ अशी ३३ वर्षं लोखंड, बाटल्या, फरशा आणि शिंपले जोडून मनोरे उभारले. सर्वांत उंच सुमारे ३० मीटर. ते धोकादायक ठरवून पालिका पाडायला निघाली. मनोरे वाचवू पाहणाऱ्यांनी चाचणी मागितली. १९५९मध्ये साडेचार टनांचा ताण दिला गेला. मनोरा जागचा हलला नाही. ओढणारं यंत्रच निकामी झालं.