गुण आणि जागा यांमधले महिने

माल भरताना उद्याचा भाव कोणालाच ठाऊक नसतो, तरी पेढी रोज उघडते. अनिश्चिततेशी आपल्या घरांचा परिचय पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. मात्र घरातील मुलगा वा मुलगी एम.बी.बी.एस. होऊन एम.डी., एम.एस.च्या जागेची वाट पाहू लागली, की हे शहाणपण आपण दुकानातच ठेवून घरी येतो.

'नीट-पीजी' ही २०० प्रश्नांची, ८०० गुणांची परीक्षा. चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा होतो. अभ्यास विद्यार्थ्याच्या हाती. तारीख मात्र त्याच्या हाती नाही. २०२४ साली २३ जूनची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली व ११ ऑगस्टला झाली. २०२५ साली १५ जून ठरला होता. ती सर्वांसाठी एकाच सत्रात घ्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिल्यावर ३ ऑगस्ट उजाडला. दीड-दोन महिने ताणलेली ही तयारी मनाला किती थकवते, याची कल्पना घरातील वडीलधाऱ्यांनी करावी.

निकालानेही प्रतीक्षा संपत नाही. शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून व निम्म्या राज्याच्या प्रक्रियेतून भरल्या जातात. दोन्हीकडे फेऱ्यांमागून फेऱ्या होतात. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. विद्यार्थ्याचा क्रमांक आला, की त्याची यादी वरून वाचली जाते आणि त्याच्या पात्रतेनुसार उपलब्ध असलेली पहिली जागा त्याला मिळते. म्हणून 'आपल्याला काय मिळेल' या अंदाजाने नव्हे, तर 'आपल्याला काय हवे' या क्रमाने यादी लिहावी. अवघड वाटणारी जागा वर लिहिल्याने खालची हातची जात नाही. जी जागा मिळूनही घ्यायची नाही, ती मात्र लिहूच नये; पुढील फेऱ्यांत नकार देणे महाग पडते. नियम बदलत असल्याने त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

कुटुंबाने निकालापूर्वीच दोन हिशेब मांडून ठेवावेत. पहिला पैशाचा: खाजगी वा अभिमत संस्थेचे शुल्क किती झेपेल, हे मुलांना स्पष्ट आकड्यात सांगावे. आई-वडील कर्ज काढतील का, या विचारात त्यांच्या रात्री जाऊ नयेत. दुसरा वेळेचा: जागा न मिळाल्यास आणखी एक प्रयत्न, की डी.एन.बी., की नोकरी करीत तयारी, हे शांतपणे ठरवावे. निराशेच्या दिवशी घेतलेला निर्णय बहुधा घाईचा असतो.

शाखेची निवड मात्र मुलांचीच असावी. क्ष-किरणशास्त्राला मागणी आहे, घरच्या रुग्णालयाला शल्यविशारद हवा आहे, ही कारणे खोटी नाहीत. पण तीन वर्षांच्या रात्रपाळ्या आणि पुढचे सारे आयुष्य त्या मुलीला काढायचे आहे. तिच्या विवाहाची बोलणीही क्रमांकाच्या आकड्याला बांधू नयेत.

या महिन्यांत 'काय झाले?' हा प्रश्न रोज विचारू नये. बातमी असेल तर ती स्वतःच सांगेल. वेळेवर जेवण, पुरेशी झोप आणि घरातले नेहमीचे बोलणे एवढे घरच्यांनी सांभाळावे. भाव उतरला म्हणून आपण पेढीवर कोणाला बोल लावीत नाही. तोच धीर या मुलांच्या वाट्याला यावा.