वयाने लहान दिसणारे अण्णा

१७ व्या वर्षी धोंडो केशव कर्वे मुरुडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला परीक्षेस गेले. अंगाने किरकोळ, वय कमी दिसते म्हणून साहेबांनी बसूच दिले नाही! तेच अण्णा १८ एप्रिल १८५८ ते ९ नोव्हेंबर १९६२, म्हणजे १०४ वर्षे जगले. १८९३ साली विधवेशी लग्न केले, तर गावाने वाळीत टाकले. पुढे १८९६ ला आश्रम, १९१६ ला महिला विद्यापीठ. एवढ्यावर कुणीही विसावला असता. पण १९३६ साली, ७८ व्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी त्यांनी मंडळ स्थापले आणि म्हातारा स्वतः वर्गणीला दारोदार हिंडला. ‘भारतरत्न’ मिळाले १९५८ साली, शंभरी भरली तेव्हा.