रजेवरचा जवान आणि दारातली मोटारसायकल

सातारा-सांगलीकडच्या मंडळींना फौजीची रजा म्हणजे काय, हे सांगायला नको. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. अशा गावांतला पोरगा सुट्टीवर येतो, बॅग टेकवतो आणि दारातली मोटारसायकल काढतो. डोकं उघडं. छावणीच्या फाटकावर मात्र हेल्मेटशिवाय त्याला कोणी सोडत नाही. मग शिस्त माणसाची की फाटकाची, असा आमचा प्रश्न आहे.

‘गावाकडं आलं की सगळेच सैलावतात,’ हे उत्तर आम्हाला पुरेसं वाटत नाही. ॲरिस्टॉटल सद्गुणाला सवयीशी जोडतो. पण सवय मोडते कशी, तेही बघा. हा जवान महिनोन्‌महिने लडाखला किंवा राजस्थानात असतो, दुचाकीला हात लागत नाही. हाताचं कसब झिजतं. ‘मला येतं’ ही खात्री मात्र झिजत नाही, कणखरपणामुळं उलट वाढतेच. गाडीही तशीच. गोठ्याशेजारी उभी, नाहीतर धाकट्या भावानं पिटाळलेली. टायरात हवा नाही, साखळी सैल, ब्रेक अर्धवट.

त्यात रजा गळीत हंगामात आली, की कराड-इस्लामपूर पट्ट्यात रात्री उसाच्या ट्रॉल्या, आणि कित्येकींना मागं दिवाच नाही. ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. ट्रॉली दिसली, डोक्यात शिरलं, हात ब्रेकवर गेला, यात एक सेकंद धरा. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच १७ मीटर संपले.

आणि ब्रेक कुठला? गाडी शिकवणारा काका बजावतो, ‘पुढचा दाबू नको, तोंडावर पडशील.’ हे अर्धंच खरं. थांबताना भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून गाडी थांबवण्याचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो. मागचा एकटा जोरात दाबला तर चाक घसरतं. हँडल सरळ ठेवून, दोन्ही ब्रेक एकत्र, पुढच्याचा दाब वाढवत न्यायचा. हे ऐकून येत नाही. मोकळ्या मैदानात पन्नासदा करावं लागतं, रायफल खोलून जोडतात तसं.

टी. ई. लॉरेन्सचं उदाहरण इथं आठवतं. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणतात तोच. १९३५ च्या मे महिन्यात, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना त्याची मोटारसायकल उलटली आणि डोक्याच्या मारानं तो गेला. हवाई दल सोडून तीन महिनेही झाले नव्हते! त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढं महायुद्धात त्यांनी लष्करी मोटारसायकलस्वारांचे अपघात तपासले, १९४१ मध्ये हेल्मेटविषयी लेख लिहिला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्करानं कामावरच्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. बिनवर्दीच्या माणसाला मात्र १९७३ पर्यंत थांबावं लागलं. फाटकाच्या आत आणि बाहेर, हा फरक तिथंही होताच.

म्हणून आमचं म्हणणं असं, की सराव रजेच्या तोंडावर हवा. निघण्याआधी अर्धा दिवस, मैदानात, ब्रेक आणि वळण. हेल्मेट बॅगेतून घरी यावं, आणि दोन यावीत. मागं बसणाऱ्या आईलाही कायद्यानं ते लागतंच. पहिल्या दिवशी मिरजेला जायचं असेल तर एसटीनं जावं. गाडी तेवढ्यात गॅरेजला लावावी.