चौक पाहावा, पण मुक्काम कोठे?

बेल्ह्याचा सोमवारचा बाजार ज्याने पाहिला आहे, त्याला सार्वजनिक चौक म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. कल्याण-अहिल्यानगर रस्त्यावरील या गावी बैलांच्या खरेदी-विक्रीसाठी दूरदूरचे शेतकरी येतात. दावणीतला बैल पाहावा, दात तपासावेत, भावाची घासाघीस करावी, ओळखीचा भेटला तर चहाच्या टपरीवर बसावे, असा तो दिवस असतो. तेथे कोणी कोणाला ‘तुम्ही येथे का थांबलात?’ असे विचारीत नाही. बाजाराची जागा सर्वांची असते, आणि चौकाचे खरे लक्षणही तेच आहे.

हाच बेल्हेकर परीक्षेसाठी, कोर्टाच्या तारखेसाठी किंवा मुलांची सहल घेऊन पुण्याला जातो, तेव्हा मात्र त्याचे निम्मे लक्ष परतीच्या एस. टी. कडे लागलेले असते. शनिवारवाड्यासमोर तो अर्धा तास उभा राहतो. १७३० साली पाया घातलेला वाडा १८२८ च्या आगीत जळाला, एवढे शिक्षक मुलांना सांगतात आणि रांग पुन्हा बसकडे वळते. पेशव्यांच्या दारापुढचे हेच पटांगण पुढे जाहीर सभांचे ठिकाण झाले, सत्तेच्या दारात श्रोते म्हणून सामान्य माणसे बसू लागली, हे सांगायला वेळ उरत नाही. १८८६ सालची मंडई, तेथे १९२४ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या हस्ते उभा राहिलेला लोकमान्यांचा पुतळा, किंवा फुले दांपत्याने १८४८ साली जेथे मुलींची शाळा काढली ती भिडेवाड्याची जागा, ही सारी पायी हिंडण्याच्या टप्प्यात आहेत. पण पायी हिंडायचे तर रात्रीचा मुक्काम हवा. भिडेवाडा तर डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला गेला. पुढच्या सहलीला पाहू, असे म्हणणाऱ्यांना तो वाडा आता दिसणार नाही.

चौकाचा स्वभाव एका भेटीत कळत नाही. पहाटेचा चौक वेगळा, दिवेलागणीचा वेगळा. मोरोक्कोतील मराकेश शहराचा जमा-अल-फना हा चौक संध्याकाळी कथेकरी, वादक आणि खाद्यविक्रेते यांनी गजबजून जातो. युनेस्कोने २००१ साली त्याचा गौरव केला तो भोवतीच्या इमारतींसाठी नव्हे, तर तेथे नांदणाऱ्या मौखिक परंपरेसाठी. नारायणगावच्या तमाशाच्या राहुट्या ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. दुपारी येऊन संध्याकाळी परतणाऱ्याच्या वाट्याला यातले काय येणार?

तेव्हा चौकाचा प्रश्न अखेर मुक्कामाच्या प्रश्नाशी येऊन ठेपतो. आणि हा प्रश्न केवळ हौशी प्रवाशांचा नाही. १९१७ साली परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी निवासात पारशी नाव सांगून ते काही दिवस राहिले. जात कळताच लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. काही तास त्यांनी सार्वजनिक बागेत बसून काढले. बाग होती, रस्ते होते, पण रात्री पाठ टेकायला छप्पर नव्हते.

२६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेचे पंधरावे कलम या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश नाकारता येणार नाही, आणि विहिरी, रस्ते व सार्वजनिक वापराच्या जागा यांचा उपयोगही नाकारता येणार नाही, असे त्यात सांगितले आहे. हॉटेल आणि चौक ही दोन्ही एकाच कलमात एकत्र नांदतात. त्याच वर्षी ९ डिसेंबरला कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले यांच्याबरोबर बाबासाहेबांचा पुतळा त्यांच्या हयातीतच उभारला गेला. ज्याला एका शहराने छप्पर नाकारले, त्याला दुसऱ्या शहराने आपल्या चौकात मानाचे स्थान दिले.

कायद्याने दार उघडले खरे. पण खोलीचे भाडे आणि मनातील संशय ही दोन कुलपे अद्याप शिल्लक आहेत. जुन्या शहरांच्या मध्यवस्तीतील साधी लॉजे कमी होत चालली, आणि नवी हॉटेले शिक्षक-कारकुनांच्या खिशाला पेलत नाहीत. एकट्या स्त्रीने खोली मागितली तर तिच्याकडे आजही अनेक ठिकाणी शंकेने पाहिले जाते. परीक्षेच्या आदल्या रात्री स्थानकाच्या बाकड्यावर पाय दुमडून निजलेला विद्यार्थी कोणाला अपरिचित आहे?

पाणी आणि रस्ते पुरवताना ज्यांची दमछाक होते, त्या महापालिकांनी प्रवाशांची सोय का पाहावी, असा आक्षेप घेतला जाईल. त्याला उत्तर असे की, साध्या मुक्कामाच्या जागांनीही या शहरांचा सार्वजनिक इतिहास घडविला आहे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटसमोरील सरदारगृह हे उतरण्याचेच ठिकाण. लोकमान्य तेथे मुक्काम करीत आणि १ ऑगस्ट १९२० रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. खर्चही फार नाही. पटसंख्येअभावी रिकाम्या पडलेल्या पालिका शाळांचे वर्ग जेथे असतील, तेथे स्वच्छ खाटा, न्हाणीघरे आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र, सुरक्षित दालन एवढे केले तरी पुष्कळ होईल.

हा न्याय मात्र दोन्ही बाजूंनी चालला पाहिजे. २०१८ साली जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर झाला. शहरातून शिवनेरीला येणारा माणूसही बहुधा संध्याकाळी परततो. त्याने रविवारी रात्री बेल्ह्यात मुक्काम करावा आणि सोमवारी पहाटे बाजार भरताना पाहावा. त्यासाठी गावात एखादी नीटनेटकी खोली हवी, आणि ती मागणाऱ्याला जात किंवा सोबत कोण आहे हे विचारले जाऊ नये. शहराकडून जी अपेक्षा ठेवायची, तिची सुरुवात गावालाही करता येईल.