वाहन आणि व्यवहार – लेखांक ७ : टाकीचा पल्ला

विंचूरच्या तीनपाटीवरून नाशिक, येवला आणि लासलगाव अशा तिन्ही वाटांनी जाणाऱ्या वाहनांपैकी कोणत्याही वाहनाच्या धन्यास त्याच्या गाडीचे ॲव्हरेज विचारले, तर तो क्षणाचाही विलंब न लावता एक आकडा सांगतो. आणि तो आकडा कोणत्या रस्त्यावरचा, किती ओझ्याचा व कोणत्या ऋतूतला, असा प्रतिप्रश्न केला की बहुधा निरुत्तर होतो. गेल्या लेखांकात आपण टाकीची रचना आणि काटा हलविणारा तरंगता गोळा यांचा विचार केला. त्या काट्यावर हिशेबाचा भार टाकणे योग्य नव्हे, हे तेथे स्पष्ट झालेच आहे. मग इंधन किती जळाले हे ठरवावे कसे?

मार्ग एकच आणि तो जुनाच आहे. पंपाची नळी आपोआप बंद पडेल तेथपर्यंत टाकी भरावी, पुढे एक थेंबही आग्रहाने ओतू नये, आणि किलोमीटरचा आकडा वहीत टिपावा. वाहन नित्याप्रमाणे चालवून पुन्हा शक्यतो त्याच पंपावर, त्याच पद्धतीने टाकी भरावी. या दुसऱ्या भरण्यात जितके लिटर मावले तितके मधल्या प्रवासात खर्ची पडले असे समजून मधल्या किलोमीटरांस त्या लिटरांनी भागावे. येथे एक सावधगिरी अवश्य आहे. दोन भरण्यांच्या पातळीत एका लिटराचा फरक पडला आणि जळालेले इंधन पाचच लिटर असले, तर उत्तरात शेकडा वीसची चूक शिरते. तोच फरक चाळीस लिटरांत शेकडा अडीचवर येतो. म्हणून दोनशे रुपयांचे पेट्रोल घालून दुसऱ्या दिवशी ॲव्हरेज सांगणाऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, पण दप्तरी दाखल करू नये.

याहून सूक्ष्म, आणि चांगल्या हिशेबी माणसासही चकविणारी चूक सरासरीची आहे. समजा, एक पिकअप कांदा भरून १२० किलोमीटर गेली आणि लिटरला १० किलोमीटर पडले. रिकामी परतताना तेच १२० किलोमीटर लिटरला १५ प्रमाणे आले. सर्वसाधारण मनुष्य १० आणि १५ यांचा मध्य काढून साडेबारा म्हणेल. पण जाताना १२ लिटर आणि येताना ८, मिळून २० लिटर जळाले; २४० भागिले २० म्हणजे १२. अर्ध्या किलोमीटरचा हा फरक क्षुल्लक वाटेल, परंतु हंगामभर रोज मुंबईची खेप करणाऱ्याच्या जमाखर्चात तो क्षुल्लक राहत नाही. सरासऱ्यांची सरासरी काढू नये. एकूण अंतरास एकूण लिटरांनी भागावे.

ओझ्याचा विषय निघालाच आहे तर घाटाचाही हिशेब पाहू, कारण तो आपल्या भागाच्या विशेष उपयोगाचा आहे. विंचूरचा माल नाशिकवरून कसारा घाट उतरून मुंबईकडे जातो, म्हणजे एकूण चढउतार जमेस धरता पाचशे मीटरांहून अधिक खाली उतरतो, आणि वाहन बहुधा रिकामे वर चढते. तीन टन वजनाचे भरलेले वाहन पाचशे मीटर उचलण्यास सुमारे १ कोटी ४७ लाख ज्यूल कार्य लागते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३.६ कोटी ज्यूल ऊर्जा असली तरी तिचा सुमारे एकतृतीयांशच भाग चाकांच्या कामी येतो असे धरले, तर त्या चढाईस सव्वा लिटराच्या आसपास डिझेल लागेल. पावणेदोन टनांच्या रिकाम्या वाहनास पाऊण लिटरही पुरते. निसर्गाने उतार ओझ्याच्या बाजूस दिला आहे, ही विंचूरकरांवर त्याची मेहेरबानीच म्हणावयाची. मात्र हा लाभ अधिक करण्याच्या हव्यासाने घाटात गाडी न्यूट्रलवर सोडणारे चालक आढळतात, त्यांस बचतीचे नव्हे तर अपघाताचे गणित कळलेले नाही. अर्वाचीन इंजिनात गिअर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनाचा पुरवठा बहुतांशी आपोआपच थांबतो. मग ब्रेकवर सारा भार टाकण्यात शहाणपण ते कोणते?

कंपनीच्या आकड्याविषयी लोकांचा फार रोष असतो, तो सर्वस्वी न्याय्य नाही. १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या प्रमाणित संस्थेत वाहन रोलरवर चढवून, ठराविक वेगांच्या ठराविक क्रमाने चालवून तो काढलेला असतो. तेथे समोरचा वारा नाही, कांद्याच्या गोण्या नाहीत, आणि लासलगावच्या लिलावापूर्वीची रांगही नाही. दोन वाहनांची तुलना करण्यास तो आकडा उत्तम. खिशातील पैसे मोजण्यास निरुपयोगी. ट्रॅक्टरच्या बाबतीत तर किलोमीटरचाच हिशेब फोल ठरतो, कारण नांगरटीत अंतर थोडे आणि श्रम फार. म्हणून त्याच्या तासमापकावरून तासाला किती लिटर हेच पाहावे, आणि नांगरटीचे व ट्रॉलीचे तास निराळे मांडावेत.

ॲव्हरेज एकाएकी घटले की पंपावर संशय घेण्याची आपली रीत आहे. पाच लिटरांच्या प्रमाणित मापाने खात्री करून मागण्याचा ग्राहकास हक्क आहे आणि तो जरूर बजावावा; त्या मापात मान्य असलेली घटबढ २५ मिलिलिटर, म्हणजे शेकडा अर्धा, इतकीच आहे. त्यापूर्वी टायरमधील हवा, हवेची गाळणी आणि चाकास घासणारा ब्रेक पाहावा. पेट्रोल वाहनांस आणखी एक कारण आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे सुमारे २.१ कोटी ज्यूल ऊर्जा, तर पेट्रोलमध्ये सुमारे ३.२ कोटी, म्हणून शेकडा वीस इथेनॉल मिसळलेल्या इंधनात शुद्ध पेट्रोलहून शेकडा सातच्या आसपास ऊर्जा कमी भरते. निफाड तालुक्यातील ऊस पिकविणाऱ्यास हे मिश्रण एका हाताने देते आणि दुचाकीच्या टाकीतून दुसऱ्या हाताने थोडे काढून घेते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

आता पल्ला. टाकी ६० लिटरांची असली म्हणून साठही लिटर चालण्यास मोकळे नसतात. तळचे दहा शिलकेत ठेवावे, कारण काटा तळाशी गेल्यावर पंप शोधण्यात शोभा नाही. उरलेल्या पन्नास लिटरांस वहीतील उत्तम आकड्याने नव्हे, तर अलीकडील सर्वांत हलक्या आकड्याने गुणावे: ११ असेल तर ५५० किलोमीटर. विंचूरहून वाशीच्या बाजारापर्यंत जाऊन येणे साडेचारशे किलोमीटरांच्या आसपास असल्याने ही खेप एका टाकीत पार पडते. तोच आकडा ८ असेल तर चारशेच किलोमीटर होतात, आणि परतीच्या वाटेवर डिझेल भरण्याची तजवीज आधीच करावी लागते.

पुढील लेखांकात याच नोंदींवरून दर किलोमीटरचा खर्च आणि भाडे ठरविण्याची रीत पाहावयाची आहे. तोवर वाचकांनी तारीख, किलोमीटर, लिटर आणि ओझे अशा चार रकान्यांची वही करून निदान तीन भरण्यांच्या नोंदी तयार ठेवाव्यात.